एक रत्तल धान्य आणि एक आणा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत मोठा वाद झाला. आधी तो सांगते, मग इतिहासाकडे वळते.

आमच्या गटाचा जुना नियम आहे. बैठकीला आलं नाही तर वीस रुपये दंड, हप्ता उशिरा भरला तर पन्नास. सगळ्यांना शिस्त लागावी आणि बँकेत गटाचं नाव चांगलं राहावं, म्हणून हा नियम केला. नियमावलीच्या पहिल्या पानावर तसं लिहिलंही आहे. पण सहा वर्षांत चार बायका गटातून गेल्या आणि त्या चौघीही ऊसतोडीला जाणाऱ्या. दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर निघायचं, उन्हाळ्यात परत यायचं. तोवर सहा बैठका बुडालेल्या, सहा हप्ते थकलेले. दंडाची बेरीज बघूनच बाईचा जीव दडपायचा.

त्यांतली एक वहिनी त्या दिवशी आपली राहिलेली बचत मागायला आली. आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगं, तुम्हाला बाहेर काढायचा आमचा हेतू नव्हता." ती म्हणाली, "हेतू तुमच्या वहीत असेल, ताई. माझ्या वाट्याला दंडच आला."

ती गेली आणि आमच्यात दोन बाजू पडल्या. काही जणी म्हणाल्या, सहा वर्षं एकसारखं हेच घडतंय, तर गरिबातल्या गरीब बाईला बाहेर काढणं हाच या नियमाचा खरा हेतू म्हणायचा. कागदावर काय लिहिलंय ते सोडा. बाकीच्या म्हणाल्या, असं कसं? नियम करणाऱ्या आपणच, आपल्या मनात काही वाईट नव्हतं. चूक झाली म्हणा, पण हेतूच वाईट होता असं म्हणू नका.

मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. घरी आले आणि आईची आठवण झाली. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. हातोडा बसून तिच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं चपटं झालं होतं. पण त्या कामावर आमचं घर जगलं, असं ती नेहमी सांगायची. मग वाटलं, आपल्याच मुलखात शंभर वर्षांच्या अंतराने दोन वेळा सरकारने दुष्काळी कामं काढली. दोन्ही वेळा हेतू एकच सांगितला, लोकांना जगवायचं. त्या दोन्ही वेळा काय झालं ते बघितलं, तर आमच्या भांडणाचं उत्तर मिळेल.

पहिली गोष्ट १८७६ सालची. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस गेला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा, पलीकडे विजापूर-धारवाड, आणि खाली मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद असा मोठा मुलूख कोरडा पडला. ज्वारी-बाजरी हाती आली नाही, भाव चढले. लोक गुरं विकू लागले, गावं सोडू लागले. सावित्रीबाई फुले तेव्हा जुन्नरकडे ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आपल्याला वाचायला मिळतं. माणसं गाव सोडून चाललीत, जनावरं मरताहेत, सावकार गैरफायदा घेताहेत, असं त्यात आहे. मदतीला गेलेल्या सत्यशोधक कार्यकर्त्यांनाच पोलिसांनी पकडलं, तेव्हा सावित्रीबाई स्वतः कलेक्टरशी बोलल्या. कार्यकर्ते सुटले आणि कलेक्टरने चार गाड्या ज्वारी दिली. दीडशे वर्षांपूर्वी एक बाई साहेबासमोर उभी राहून जाब विचारते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

आता सरकार काय करत होतं? मुंबई इलाख्यात कामं निघाली होती. तलाव, रस्ते, मातीकाम. ही कामं गावाच्या जवळपास होती आणि मजुरीवर कसंबसं पोट भरत होतं. पण खर्च वाढू लागला. तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी जानेवारी १८७७ मध्ये एका बड्या अधिकाऱ्याला दुष्काळी भागात पाठवलं. त्याचं नाव सर रिचर्ड टेंपल. याच टेंपलची तीन वर्षांपूर्वीची गोष्ट कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

१८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला होता आणि तिथला कारभार टेंपलकडे होता. त्याने ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ मागवला, गावोगाव वाटला, लोकांना कामं दिली. भुकेने माणसं जवळजवळ मेलीच नाहीत. एवढ्या मोठ्या दुष्काळात ही फार मोठी गोष्ट होती. तुम्हाला वाटेल, त्याला शाबासकी मिळाली असेल. तसं झालं नाही. एवढा पैसा का उडवला, म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. धान्य उरलं, तोही दोष ठरला. माणसं वाचली, हे कुणी जमेला धरलं नाही.

हाच टेंपल १८७७ मध्ये आपल्याकडे आला तो काटकसर करायला. मजुरी ठरली ती अशी: दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा. रत्तल म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. बाईला आणि कामावरच्या मुलाला त्याहून थोडं कमी. त्या एका आण्यात मीठ, मिरची, तेल, सरपण, सगळं भागवायचं. आपण घरी पीठ मळतो, आपल्याला अंदाज आहे. साडेचारशे ग्रॅम पिठाच्या भाकरी करा आणि त्या खाऊन दिवसभर उन्हात माती उपसणाऱ्या माणसाचं काय होईल ते तुम्हीच सांगा.

मजुरी कमी ठेवण्यामागे एक विचार होता. मजुरी चांगली दिली, काम गावाजवळ दिलं, तर गरज नसलेले लोकही येतील आणि आळशी होतील. म्हणून काम लांब ठेवायचं, कष्टाचं ठेवायचं आणि मजुरी अगदी पोटापुरती. एवढं असूनही जो येईल तो खरा गरजू. या प्रकाराला ते 'कसोटी' म्हणायचे. कागदावर हे पटण्यासारखं दिसतं. पण कसोटीला उतरायला अंगात ताकद लागते. दहा-बारा कोस चालत जायला, छावणीत राहायला, उन्हात खोदायला जो सगळ्यात अशक्त, तोच आधी गळणार. तान्हं मूल असलेली बाई, म्हातारी, आजारी माणूस. म्हणजे ज्याला गरज जास्त, तो कसोटीत नापास.

हे कळायला पुढचा काळ यावा लागला, असं मात्र नाही. त्याच वेळी सांगणारे होते. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी ताबडतोब हरकत घेतली. कष्ट करणाऱ्या माणसाला निदान दीड रत्तल धान्य, शिवाय डाळ आणि भाजी हवी, असं त्यांचं म्हणणं. ते इंग्रज होते, सरकारी नोकर होते, तरी बोलले. दोन महिन्यांत, मार्च १८७७ मध्ये, मद्रास सरकारला शिधा थोडा वाढवावा लागला. तोवर छावण्यांत माणसं मरत होतीच.

आपल्याकडे लोकांनीच उत्तर दिलं. नवी मजुरी आणि लांबच्या कामावर जायचा हुकूम आला, तेव्हा हजारो मजूर काम सोडून उठले. पोटात अन्न नसताना काम सोडायचं, म्हणजे किती संताप असेल! पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे ही त्यातली मोठी माणसं. सभेने गावोगाव माणसं पाठवून हकीकती गोळा केल्या आणि सरकारला पाठवल्या. पण सरकारी बाजूने संपाचा अर्थ कसा लावला? ज्यांना खरी गरज नव्हती तेच निघून गेले, असा! कामावरची संख्या कमी झाली, म्हणजे दुष्काळाची झळ कमी झाली.

मैत्रिणींनो, इथे मला आमच्या गटाची वही आठवली. ऊसतोडीच्या चौघी गेल्यावर आमची थकबाकी शून्य झाली होती. वसुली शंभर टक्के. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या दुष्काळात किती माणसं गेली? ब्रिटिश मुलखातला आकडा पन्नास लाखांच्या वर धरला जातो. आपल्याजवळचं उदाहरण सांगायचं तर सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ च्या जनगणनेत सात लाखांच्या वर होती, १८८१ मध्ये ती सहा लाखांच्या खाली आली. सगळे मेले असं नाही, बरेच परमुलखात गेले. पण एका जिल्ह्यातून नऊ वर्षांत लाखाच्या वर माणूस कमी झाला. आणि त्याच काळात देशातून गव्हाची निर्यात चालूच होती.

आता आमच्या भांडणातला प्रश्न इथे विचारू. या व्यवस्थेचा हेतू माणसं मारणं हा होता का?

घाईने 'हो' म्हणू नये असं मला वाटतं. एक तर त्या व्यवस्थेत कॉर्निशसारखी माणसं होती, ज्वारीच्या गाड्या देणारा कलेक्टर होता. दुसरं म्हणजे परिणाम एकच नव्हता. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव, सोलापूर जिल्ह्यातला आष्टीचा तलाव, दौंड-मनमाड रेल्वे, ही कामं त्या दुष्काळातल्या मजुरांच्या हातची. परिणामावरूनच हेतू ठरवायचा, तर कोणता परिणाम धरायचा? मेलेली माणसं की बांधलेले तलाव? दुष्काळ हा पावसानेही येतो, आणि वाईट घडलं की ते कुणीतरी मुद्दामच केलं असं म्हणत गेलो, तर प्रत्येक चुकलेल्या माणसाला आपण खुनी ठरवू. सून पहिल्यांदा भाकरी करपवते, म्हणून ती घराला उपाशी ठेवायला आली आहे असं आपण म्हणत नाही.

पण रोज करपत असेल, घरचे रोज सांगत असतील आणि तरी विस्तव तेवढाच ठेवला जात असेल, तर? मग 'माझा हेतू तसा नव्हता' हे किती दिवस ऐकायचं?

माझ्या मते खरा हेतू कळतो तो पहिल्या परिणामावरून नाही. परिणाम समोर आल्यावर व्यवस्था काय करते, त्यावरून तो कळतो. बिहारात माणसं वाचली, पैसा गेला, आणि टेंपलवर टीका झाली. दख्खनमध्ये पैसा वाचला, माणसं गेली, आणि तोच टेंपल १८७७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. कोणता परिणाम बोचला आणि कोणता चालला, हे यावरून दिसतं. तोंडाने दोन्ही वेळा 'जीव वाचवा आणि खर्च सांभाळा' असंच म्हटलं होतं. दोन्हींत ओढाताण झाली तेव्हा कशाला सोडलं, तेच खरं.

पुढेही बघा. दुष्काळानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यावरून दुष्काळाचे नियम तयार झाले. दुष्काळाची लक्षणं कशी ओळखायची, कामं कधी काढायची, काम न करू शकणाऱ्यांना फुकट अन्न कसं द्यायचं, हे लिहून ठेवलं. ही चांगलीच गोष्ट झाली आणि ती नाकारू नये. दरवर्षी दीड कोट रुपये दुष्काळासाठी बाजूला काढायचं ठरलं, त्यासाठी नवे करही बसले. पण तो पैसा अफगाणिस्तानच्या लढाईकडे वळवला, असा जाहीर आरोप त्याच काळात झाला.

मग १८९६ चा दुष्काळ आला. नियम इंग्रजीत होते, शेतकऱ्याला ते माहीत नव्हते. लोकमान्य टिळक आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी ते मराठीत करून गावोगाव सांगितले. पीक बुडालं तर सारा तहकूब होऊ शकतो, काम मागता येतं, घाबरू नका. सरकारचाच नियम सरकारच्याच रयतेला समजावून सांगितला. हेतू खरोखर लोकांना मदत देण्याचा असता, तर सरकारने आभार मानायला हवे होते. झालं काय? १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. नियम वहीत असणं चालत होतं, लोकांनी तो मागितलेला चालत नव्हता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पुन्हा लाखो माणसं गेली.

आता दुसरी गोष्ट, आईच्या वेळची. १९७२ मध्ये महाराष्ट्रात पावसाने दगा दिला, त्याआधीची दोन वर्षंही बेताचीच होती. विहिरी आटल्या. पुन्हा दुष्काळी कामं निघाली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर एका वेळी सुमारे पन्नास लाख माणसं होती. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. सुकडी आठवते का, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आठवते का? आई म्हणायची, ती भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण पोटात पडायची.

त्या दुष्काळात हाल कमी नव्हते. गुरं गेली, मजुरी आठवडेच्या आठवडे थकायची, मस्टरवर खोटी नावं असायची, मुकादम माप कमी धरायचा. आईने या सगळ्याला शिव्या दिलेल्या मी ऐकल्यात. पण १८७७ सारखी माणसं मेली नाहीत. याचं एक कारण असं की बोलणाऱ्याचं तोंड बंद करणं आता सोपं नव्हतं. मजुरी थकली की मोर्चे निघत, तहसीलवर घेराव होत, विधानसभेत प्रश्न येत. आमदाराला पुन्हा मतं मागायला त्याच गावात यायचं होतं.

आणि दुष्काळ सरल्यावर काय केलं ते बघा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्येच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग केला होता: मागेल त्याला काम. त्या विचारातून निघालेल्या रोजगार हमी योजनेचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. योजनेसाठी १९७५ मध्ये नोकरदार आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाही तर बेकार भत्ता. कामावर पाणी, सावली, लहान मुलांची सोय. १८७७ मध्ये 'कसोटी' म्हणून काम मुद्दाम लांब आणि कठीण ठेवलं होतं. इथे काम गावाजवळ देणं हा नियम झाला.

गंमत म्हणजे या योजनेचा एक मोठा परिणाम कुणी ठरवलेलाच नव्हता. ती बायकांसाठी काढली नव्हती. पण काम गावाजवळ, मजुरी माप मोजून, बाई-पुरुष असा वेगळा दर नाही, म्हटल्यावर बायका मोठ्या संख्येने आल्या. कित्येक ठिकाणी निम्म्याहून जास्त. माझ्या आईच्या हातात स्वतःच्या नावाचा पैसा पहिल्यांदा आला तो दुष्काळी कामावर. हेतूत नव्हतं, पण घडलं. आणि घडल्यावर सरकारने त्यांना हाकललं नाही. २००५ मध्ये देशभराचा रोजगार हमी कायदा आला, तेव्हा त्यात बायकांसाठी एक तृतीयांश जागा लिहूनच टाकल्या. म्हणजे परिणाम बघून हेतू मोठा झाला.

पण इथेही खुशीत राहून चालणार नाही. मजुरी महिनोन्‌महिने थकते आणि कंटाळून बायका कामावर यायच्या बंद होतात, तेव्हा कुणीतरी म्हणतंच, 'गावात कामाची मागणीच नाही.' हे वाक्य १८७७ चं आहे, हे ओळखायला शिका.

तर आमच्या वादाचं उत्तर मला असं सापडलं. कागदावरच्या हेतूवर विसंबू नये आणि एका वाईट परिणामावरून कुणाला खलनायकही ठरवू नये. मी तीन गोष्टी विचारते. या नियमाचा भार कुणाच्या अंगावर पडतो? तो भार नियम करणाऱ्यांना कळला का, आणि कळल्यावर त्यांनी काय केलं? आणि सांगायला आलेल्या माणसाला त्यांनी बसायला पाट दिला की दार दाखवलं? ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी असो, रेशनचं दुकान असो, कर्जाची योजना असो, हे तीन प्रश्न तुमच्या गटात विचारून बघा.

पुढच्या बैठकीत मी हेच मांडलं. म्हटलं, आजवर आपण 'चूक झाली' म्हणू शकत होतो. वहिनी सांगून गेली, आता तसं म्हणता येणार नाही. आजपासून नियम तसाच ठेवला तर तो आपला हेतू. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ठरलं की ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला गेलेल्या बाईला गैरहजेरीचा दंड नाही, हप्ता परत आल्यावर भरायचा. आणि वहीत एक नवा रकाना काढला: गट कुणी सोडला आणि का सोडला. वसुलीच्या आकड्याशेजारी तोही दर महिन्याला वाचायचा.

त्या वहिनीला निरोप धाडलाय. अजून ती आलेली नाही. यंदाची टोळी परत आली की मी स्वतः तिच्या घरी जाणार आहे.